‘एक करदाता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक करदाता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काटछाट न करता प्रसिद्ध केली आहे. दहावीचं खोटं गुणपत्रक लावून ईसीएनआर (परदेशी नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागत नाही असा) पासपोर्ट काढणाऱ्याला शिक्षा ठरवताना कोर्ट काय बघतं, असा माझा लेख होता. त्यावर ते म्हणतात, “गरिबी, पहिला गुन्हा आणि लहान लेकरं, ही तीन रडगाणी गायली की कोर्ट सोडून देतं आणि वकिलांची दुकानदारी चालते.” मी २०२५ चा नवा कायदा टाळला आणि एजंट मोकाट सुटतात, हे आणखी दोन मुद्दे. शेवटी, “काय बे वकील, पटतंय का?”

आधी या शेवटाचं बघू. ‘काय बे’ आपण सोलापुरात दोस्ताला म्हणतो. आपली ओळख नाही, आणि तुम्ही तर नावही दिलेलं नाही. मी माझ्या नावाने लिहितो, आणि ज्या कोर्टाबद्दल लिहितो तिथेच रोज काळा कोट घालून उभा असतो. उन्हाळ्यातसुद्धा. त्यामुळे रडगाणं कुठे चालतं नि कुठे नाही, हे मला घरबसल्या टाइप करणाऱ्यापेक्षा थोडं जास्त कळतं, असं म्हटलं तर राग मानू नये.

पासपोर्ट कायदा, १९६७ चं कलम १२(१) एकदा वाचा. खोटी माहिती देणं, महत्त्वाची माहिती दडवणं, नोंदीत फेरफार करणं, दुसऱ्याचा पासपोर्ट वापरणं किंवा आपला दुसऱ्याला वापरू देणं, या सगळ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा नाही. जिथे ती हवी होती तिथे संसदेने घातली आहे. भारताचा नागरिक नसताना राष्ट्रीयत्व दडवून पासपोर्ट काढला, तर १२(१अ) खाली किमान एक वर्ष, कमाल पाच, आणि दहा ते पन्नास हजार दंड. म्हणजे १२(१) मध्ये कमीजास्त करायची मोकळीक कायद्यानेच न्यायाधीशाला दिली आहे.

आता तुमची गरिबी. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एक ओळ असते, “आरोपी गरीब आहे, दया करावी.” या ओळीवर कुणी सुटत नाही. गरिबी सांगून भागत नाही, ती कागदावर यावी लागते. यंत्रमागावरच्या माणसाकडे बऱ्याचदा पगारचिठ्ठीच नसते. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, घरभाड्याची पावती असं गोळा करावं लागतं. एवढं करूनही एकटी गरिबी फार दूर नेत नाही. कोर्ट विचारतं की खोटं कशासाठी बोलला? दहावी नापास माणसाला ईसीआर पासपोर्ट मिळतो. आखाती देशांत नोकरीला जाताना त्याला परदेशगमनाची मंजुरी काढावी लागते. तो हेलपाटा चुकवायला खोटं गुणपत्रक लावणारा आणि अंगावरचा खटला लपवायला नाव बदलणारा, या दोघांचं कलम एकच, पण शिक्षा एक असू शकत नाही. पासपोर्टवर शिक्के किती, तक्रारीआधी तो स्वतःहून जमा केला की पोलिसांनी घरातून काढला, हेही तोलतात.

‘पहिला गुन्हा’ हे तर रडगाणं नाहीच, ती कायद्याची अट आहे. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा, १९५८ चं कलम ३ सांगतं की दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, आधीची दोषसिद्धी नसेल, तर ताकीद देऊन सोडता येतं. कलम १२(१) बरोबर या मापात बसतं. कलम ४ खाली तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, यालाच परिविक्षा (प्रोबेशन) म्हणतात. आरोपी एकवीसच्या आतला असेल तर कलम ६ प्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. हे वय शिक्षेच्या दिवशीचं धरतात, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. एकोणिसाव्या वर्षी अडकलेल्या पोराचा खटला चार वर्षं रेंगाळला की हा आधार हातचा गेला. उलट दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पासपोर्ट कायद्याच्या १२(४) खाली दुप्पट शिक्षा. हे तुमच्या ‘सोडून देतं’मध्ये कुठे बसतं?

आणि खरी चूक वकिलांकडून होते ती वेगळीच. नुसतं १२(१) असेल तर ती समन्स केस, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा खटला. त्यात दोषी ठरल्यावर शिक्षेवर वेगळं ऐकायचा टप्पा कायद्यात लिहिलेला नाही. सगळे कागद अंतिम युक्तिवादासोबतच द्यायला हवेत. निकालाच्या दिवशी फाईल चाळणारा वकील तिथेच हुकतो. खोट्या कागदासाठी भारतीय न्याय संहितेची ३१८(४), ३३६(३), ३४०(२) ही कलमं (फसवणूक, त्यासाठी बनावट कागद करणं आणि तो वापरणं) लागली की वॉरंट केस, म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेचा खटला होतो. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) २७१(२) खाली शिक्षेवर म्हणणं ऐकावंच लागतं, पण कमाल शिक्षाही सात वर्षांवर जाते. म्हणून आधी लढायचं ते या वरच्या कलमांशी. परिविक्षा देता येत असून दिली नाही, तर त्याच संहितेच्या कलम ४०२ प्रमाणे न्यायाधीशाला खास कारणं लिहावी लागतात. ती लिहिली नसतील तर अपिलात तोच पहिला मुद्दा.

लेकरांबद्दल एवढंच. ती आहेत म्हणून कुणी सुटत नाही, पण त्यांना सांभाळणारं दुसरं कुणीच नाही असा परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला तर फरक पडतो.

नव्या कायद्याचं मान्य. इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ खाली बनावट किंवा फसवणुकीने मिळवलेला पासपोर्ट जाणूनबुजून देशात यायला, राहायला किंवा बाहेर जायला वापरला तर किमान दोन, कमाल सात वर्षं, आणि एक ते दहा लाख दंड. लेखात एक ओळ यायला हरकत नव्हती. पण लेख १२(१) पुरता होता, आणि त्या तारखेआधीच्या प्रवासाला ही शिक्षा लावता येत नाही. राज्यघटनेचं कलम २०(१) आडवं येतं, गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. एजंटांसाठी पासपोर्ट कायद्याचं १२(२) आहे, चिथावणी आणि मदतीला तीच शिक्षा. ते का पकडले जात नाहीत, हे पोलिसांना विचारा.

पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, पण ‘बे’ वगळून.

दुसऱ्या एका वाचकाने सरळ प्रश्न विचारला आहे की परिविक्षेवर सुटलेल्याला पुढे पासपोर्ट मिळतो का. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(इ) खाली नकार द्यायला मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झालेली असावी लागते. अठरा महिने झाली असेल तरी हे कलम लागत नाही. परिविक्षेत तर कैदच नसते, शिवाय प्रोबेशन कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता काढतं. कोर्टाने पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(७) खाली जुना पासपोर्ट रद्द केलाय का, एवढं निकालात तपासा. दुसरा खटला चालू असेल तर २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या कोर्टाची परवानगी घ्या आणि आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल अर्जासोबत न्या. अर्जात खटल्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहू नका. नाहीतर नवं १२(१) तिथेच तयार होतं.