आईबाबांना घेऊन युरोपला जाताय? मग थोडे कमी देश बघा

मे महिन्याच्या युरोप टूरची बुकिंग्ज जोरात चालू आहेत. फीड उघडलं की दर दुसरी जाहिरात तीच, दहा-बारा दिवसात सात देश, आठ देश, कुणी तर नऊ म्हणतंय. मित्रमैत्रिणींबरोबर जाणाऱ्यांनी खुशाल जावं, पण ज्यांच्याबरोबर सत्तरीतले आईवडील आणि एखादं लहान मूल आहे त्यांना माझं अगदी मनापासून सांगणं आहे, कमी देशांची टूर घ्या. चार पुरेत, तीन असले तर आणखीच छान.

ग्रुप टूरच्या विरोधात मी अजिबात नाही हे आधीच सांगते. नाकं मुरडणारे खूप आहेत, "स्वतः प्लॅन करून जायचं, त्यात खरी मजा" वगैरे. असेल मजा. पण आम्ही ग्रुप टूरने युरोपला गेलो तेव्हा आमच्यात सासूबाईंचे गुडघे दुखरे, बाबांना बीपीच्या गोळ्या, आई पूर्ण शाकाहारी आणि लेक दुसरीत, अशा सगळ्यांना बॅगांसकट घेऊन स्टेशनवर गाडी बदलत फिरायचं म्हणजे माझं आणि नवऱ्याचं लक्ष सामानातच राहिलं असतं. ग्रुपमध्ये बॅग हॉटेलच्या दारात उतरते, संध्याकाळी गरम वरणभात समोर येतो, आणि काही दुखलंखुपलं तर टूर मॅनेजर आहे. आमचा टूर मॅनेजर रोज सकाळी बसमध्ये चढल्यावर आधी सगळ्या ज्येष्ठांना झोप लागली का विचारायचा, मग दिवसाचा प्रोग्रॅम सांगायचा. या लोकांच्या कामाचं मोल आपल्याकडे फार कमी लोकांना कळतं.

प्रश्न वेगाचा आहे. पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, म्हणजे पूर्ण दिवस बसमध्येच गेला. तिकडे ड्रायव्हरसाठी कायदा कडक आहे, सलग साडेचार तास चालवलं की 45 मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो, दिवसाला साधारण 9 तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, आणि हे सगळं बसमधल्या मशीनमध्ये रेकॉर्ड होतं. ग्रुपमधले काही जण यावरून चिडतात, "अजून अर्धा तास नेलं तर काय बिघडतं?" अहो, तो माणूस आपल्या सगळ्यांचा जीव हातात घेऊन आल्प्समधून गाडी काढतोय, त्याला झोप मिळालीच पाहिजे. पण मग हिशोब तुम्हीच करा, इतके देश आणि एवढाच वेळ म्हटल्यावर काटछाट कुठे होणार? बघायच्या वेळातच होणार ना.

आणि बसमधले लांब दिवस म्हाताऱ्या माणसांना कसे जातात हे जवळून बघावं लागतं. सासूबाई पाणीच पीत नव्हत्या. बाटली मांडीवर, झाकण बंद, विचारलं की "नको गं, तहान नाही." खरं कारण हे की मध्येच टॉयलेटला जावं लागलं तर बस थांबवायला कोण सांगणार. पन्नास माणसांच्या ग्रुपमध्ये आपल्यामुळे उशीर झालेला त्यांना खपत नाही, ही पिढीच तशी आहे. शेवटी नवऱ्याने टूर मॅनेजरशी बोलून पुढचा हॉल्ट कधी ते आधी कळवायला सांगितलं, तेव्हा कुठे त्या दोन घोट प्यायल्या. हे तुम्हीही पहिल्याच दिवशी करा. आणि सुटी नाणी जवळ ठेवा, जर्मनीत हायवेवर टॉयलेटला पैसे पडतात.

आता कमी देशांचा फायदा काय ते सांगते. ल्युसर्नजवळ आमचा तीन रात्री मुक्काम होता त्यामुळे एक दुपार मोकळी मिळाली. जास्त देशांच्या टूरमध्ये तिथलं सिंहाचं स्मारक म्हणजे फोटो स्टॉप असतो, उतरा, फोटो काढा, चढा. बाबा तिथे बाकावर बसूनच राहिले. समोर पाणी, पलीकडे कड्यात कोरलेला मरणारा सिंह, कुशीत तुटलेला भाला घुसलेला, आणि पंजा फ्रान्सच्या राजचिन्हाच्या ढालीवर. बाबा म्हणाले, स्विस सिंह आणि ढाल फ्रान्सच्या राजाची, असं का? मग वाचून सांगितलं की 1792 मध्ये पॅरिसला ट्युलरी राजवाड्यावर लोक चालून गेले तेव्हा राजाच्या नोकरीत असलेले शेकडो स्विस सैनिक मारले गेले, त्यांची आठवण म्हणून हे 1821 मधलं स्मारक. त्या काळी स्वित्झर्लंड गरीब, डोंगराळ, पोरं परक्या राजांकडे सैनिक म्हणून जायची. बाबांना लगेच आठवलं की ट्युलरीची बाग पॅरिसच्या गाइडने बसमधूनच दाखवली होती. आणि पुढे व्हॅटिकनला पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातले स्विस गार्ड दिसले, 1506 पासून पोपच्या नोकरीत असलेले, तेव्हा बाबांनी स्वतःच लेकीला सगळी गोष्ट जोडून सांगितली, पॅरिस, ल्युसर्न, रोम. ती तिथे तोंड उघडं टाकून ऐकत होती. बाकावर बसायला वेळ नसता तर हे झालंच नसतं.

दुसरं म्हणजे प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी गेलंच पाहिजे हा हट्ट सोडा. स्वित्झर्लंडमधलं बर्फाचं ठिकाण युंगफ्राउयोख 3,454 मीटरवर आहे, हवा विरळ, ज्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. सासूबाई नको म्हणाल्या, तर नवरा त्यांच्याबरोबर खाली इंटरलाकेन गावात थांबला. गावाच्या मधोमध मोठं हिरवं मैदान आहे, तिथे पॅराग्लायडर उतरतात. त्या सबंध दुपार ते बघत बसल्या, कोण धावत उतरलं, कोण पडलं, कुणाच्या पोटाशी लहान मूल बांधलेलं होतं. आम्ही वरून बर्फ बघून आलो तरी रात्री जेवताना सगळे त्यांचंच ऐकत होते. मुलांचंही तसंच, पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना चढूच देत नाहीत, हे घरूनच सांगून ठेवा म्हणजे तिथे रडारड नाही.

"पण परत कोण जाणार आहे? व्हिसा काढलाच आहे, विमानाचे पैसे घातलेच आहेत, तर सगळं बघून येऊ." हे मला खूप जणांनी ऐकवलंय आणि मला ते पूर्ण समजतं. शेंगेनचा व्हिसा एकच आणि त्यात 29 देश, जून 2024 पासून फीच 90 युरो झालीये, वर इन्शुरन्स, तिकिटं. आयुष्यभर साठवलेले पैसे असतात ते. पण आईवडील परत जाणार नाहीत म्हणूनच तर म्हणते, जे दाखवाल ते नीट दाखवा.

आणि हे युरोपपुरतंच नाही. आम्ही हंपीलाही असंच गेलो, एकाच ठिकाणी मुक्काम, सकाळी लवकर विरुपाक्ष, ऊन चढलं की खोलीवर, दुपार कलल्यावर विठ्ठल मंदिर, तिथे बॅटरीवाल्या गाड्या आहेत त्यामुळे गुडघ्यांची काळजी नाही. बदामी राहिलं, ऐहोळे राहिलं, घरी आल्यावर कुणालाही त्याची चुटपुट नव्हती.

बुकिंग करताना ऑफिसमध्ये स्पष्ट विचारा की एका हॉटेलात सलग किती रात्री आहेत, रोज बसमध्ये किती तास, आणि प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्यापैकी कुठे खरंच तिकीट काढून आत नेतात. "ओरिएंटेशन टूर" किंवा "ड्राइव्ह पास्ट" लिहिलं असेल तर ते बहुतेक काचेतूनच बघायचंय असं समजा. हॉटेल शहरात आहे की तीस-चाळीस किलोमीटर बाहेर, तेही विचारा, कारण मे महिन्यात पॅरिसला साडेनऊच्या पुढेमागे सूर्य मावळतो आणि आयफेल टॉवर चमचमतो तो अंधार पडल्यावर, दर तासाला, फक्त पाच मिनिटं. बाहेरच्या हॉटेलात तोवर म्हातारी माणसं आणि मुलं झोपलेली असतात. समोरचा फोनवर गोडगोड बोलेल, तरी सगळी उत्तरं ईमेलवर मागून घ्या आणि मगच ॲडव्हान्स भरा.