कै. अण्णांचा डबा

प्लास्टिकबंदीची अधिसूचना ज्यांनी लिहिली त्यांच्यात मिसळ खाणारं कोणी नसावं, असा माझा दाट संशय आहे. एखादा जरी असता तरी सहीच्या आधी म्हणाला असता, "साहेब, बाकी सगळं ठीक, पण कटाचं काय?" 23 मार्च 2018 च्या त्या कागदाने हॉटेलातली पार्सलची भांडी बंद केली, प्लास्टिकचे आणि थर्माकोलचे पेले, वाट्या, ताटल्या, चमचे बंद केले, स्ट्रॉ बंद केल्या आणि पातळ पदार्थ भरायचे पाउचही बंद केले. ते पातळ पदार्थ मग न्यायचे कशातून, यावर चकार शब्द नाही.

आपलं खाणं तरी बघा. कोरडं म्हणून जे काही आहे ते प्रवासाला न्यायचं. घरात आमटी, कढी, सार, रस्सा, मठ्ठा. ताटात वाढलेली आमटी पळू नये म्हणून भाताचं आळं करावं लागतं. जे भाताला ऐकत नाही ते कागदाच्या खोक्याला ऐकेल, ही आशा फक्त सरकारच बाळगू शकतं.

बंदीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये कासवांचे फोटो येतील. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माझी नणंद मुंबईत होती. ती रात्र तिने ऑफिसातल्या टेबलावर बसून काढली. गटारं तुंबवणाऱ्या पिशव्यांचा विषय निघाला की ती आजही एकदम गप्प होते, आणि ती कुठल्याही विषयावर गप्प होणारी बाई नाही. तेव्हा पिशव्या गेल्या याचं दुःख नाही. प्रश्न फक्त तर्रीचा आहे.

साठा संपवायला तीन महिने मिळाले आणि 23 जून 2018 पासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि वर तीन महिने कैद. मुंबईत तर निळ्या गणवेशातले निरीक्षक फिरायला लागले. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात मालकांनी पाटी लावली : 'पार्सल बंद आहे. इथेच खावे.' त्या 'खावे'मध्ये जरा दमदाटी होती. पण रविवारी सकाळी अर्धी कॉलनी तिथेच खायला बसली, कोणी उठेना, आणि मालकांच्या लक्षात आलं की पार्सलवाले गेले तर धंदा जातो आणि बसणारे वाढले तर खुर्च्या जातात. पाटी उतरली.

मग कागदी वाट्या आल्या. आमच्या हॉटेलच्या तर्रीत तेल सढळ हाताने असतं. ती वाटी गल्ल्यापासून पायरीपर्यंत पांढरी राहायची, पायरीपासून चौकापर्यंत पिवळी व्हायची आणि चौकानंतर आतला कट बाहेरून दिसू लागायचा. मग समजलं की ज्या वाट्या गळत नव्हत्या त्यांना आतून प्लास्टिकचंच अस्तर होतं. 2022 च्या जुलैमध्ये राज्याने त्या अस्तरवाल्या वाट्याही बंद केल्या. म्हणजे गळणारी वाटी कायदेशीर आणि न गळणारी बेकायदेशीर, असा सरळ हिशेब झाला.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला केंद्राचीही बंदी आली, त्यामुळे मालकांना आता दोन सरकारांचं ऐकायचं होतं. केंद्र पिशवीची जाडी मोजतं : पूर्वी 50 मायक्रॉन, सप्टेंबर 2021 अखेर 75, डिसेंबर 2022 अखेर 120. आपल्या राज्याने मात्र हातात धरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या जाडी न विचारता बंद करून टाकल्या होत्या. मालकांनी या दोन्हींतून आपल्या सोयीचं तेवढं उचललं आणि कोणी हटकलं की सांगायला लागले, "ही जाडवाली आहे, चालते." ते मायक्रॉन इतक्या सराईतपणे बोलायचे की आमच्या कॉलनीतल्या विज्ञानाच्या निवृत्त सरांनी एकदा त्यांची तोंडी परीक्षा घेतली. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, हे सरांनीच सांगितलं. म्हणजे रश्श्यात निघालेला केससुद्धा केंद्राच्या नियमात बसत नाही. मालकांनी ते मनावर घेतलं नाही.

मधे उसाच्या चोथ्याच्या डब्या आल्या. ही गोष्ट मला मनापासून आवडली. इतके साखर कारखाने असलेल्या राज्यात चोथ्याला काय तोटा? डबी दिसायला छान, हाताला दणकट, गरम रश्श्यातही उभी राहणारी. फक्त तिचं झाकण म्हणजे सूचना होती, सक्ती नव्हती. ते उघडू नये म्हणून हॉटेलचा पोऱ्या त्या पर्यावरणस्नेही डबीला चहूबाजूंनी प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायचा. अशा मन लावून गुंडाळायचा की घरी ती सोडवायला कात्री लागायची.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी किटली घेऊन जायचो. डबा ने की घरातला." हे त्यांनी असं सांगितलं, जणू सगळं राज्य 2018 पासून त्यांच्या सल्ल्यासाठी खोळंबलं होतं.

घरातला डबा न्यायचा म्हणजे आधी सासूबाईंच्या हातून तो सुटला पाहिजे. चांगला डबा द्यायचा नाही कारण हरवेल, जुना द्यायचा नाही कारण लोक काय म्हणतील. मधला एक निघाला : कडीचा, घट्ट झाकणाचा, बुडाला कोरीव अक्षरं, 'कै. अण्णा यांच्या स्मरणार्थ'. अण्णा म्हणजे चुलत आजेसासरे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांच्या तेराव्याचे डबे या घराला दोन पिढ्या पुरले आहेत.

हॉटेलात डबा घेऊन पोऱ्या आत गेला. मी गल्ल्याशी उभी. थोड्या वेळाने आतून खणखणीत हाक आली, "कैलास अण्णाऽऽ! मिसळ तीन!" कोणी पुढे होईना. "कैलास अण्णा कोण आहे? पार्सल तयार आहे!" मी हळूच हात वर केला. तेव्हापासून त्या हॉटेलात मी कैलास अण्णांकडची. मालक विचारतात, "अण्णा आले नाहीत खूप दिवसांत?" मी सांगते, बरं नसतं त्यांना.

डब्याची खरी गंमत मात्र आत, भटारखान्यात घडते. एक प्लेट रस्सा म्हणजे किती, हे तिथे कोणालाच सांगता येत नाही. प्लास्टिकचा एक कंटेनर भरला की ती एक प्लेट, एवढंच माप हाताला माहीत. म्हणून पोऱ्या माझ्यासमोर कोरा कंटेनर घ्यायचा, त्यात रस्सा भरायचा, तो अण्णांच्या डब्यात उपडा करायचा आणि कंटेनर केराच्या टोपलीत टाकायचा. तीन प्लेटला तीन. मी म्हटलं, "अरे, एकच वापर ना तिन्हीला!" त्यावर तो म्हणाला, "ताई, प्रत्येक पार्सलला फ्रेश लागतो." मग कडी घालून, पुसून, डबा त्याने प्रेमाने कॅरीबॅगमध्ये ठेवला. "सांडायला नको."

बिलात पार्सल चार्ज होताच. मी मालकांना विचारलं, डबा माझा, पिशवी मला नको, मग चार्ज कसला? त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "मशिन घेतं तसं. आम्ही काय करणार?" या देशात यंत्राशी कोणी भांडत नाही. मी पैसे दिले.

आणि मग एका रविवारी पथक आलं. पथक येतंय ही बातमी पथकाच्या आधी येते, त्यामुळे कंटेनरची चळत इडलीच्या पातेल्यात गेली आणि वर झाकण बसलं. दोन साहेब, एक बाई, हातात पावतीपुस्तक. मालकांनी त्यांना थेट माझ्यासमोर आणून उभं केलं. "बघा साहेब, आमचं गिऱ्हाईक. घरून डबा आणतात. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो." बाईंनी कौतुकाने मान डोलावली. साहेबांना फोटो हवा होता. मी अण्णांना छातीशी धरून उभी राहिले.

"उघडा डबा दाखवा ना," साहेब म्हणाले, "आतला पदार्थ दिसू दे."

मी कडी काढली. आत, गाठ मारलेल्या तीन पातळ पिशव्यांमध्ये तर्री तरंगत होती. गर्दीचा दिवस, मापायला कोणाला वेळ? पोऱ्याने पिशव्याच डब्यात ठेवून झाकण लावलं होतं.

शांतता पसरली. साहेबांनी फोन खाली केला.

"पिशव्या कोणाच्या?"

"डब्यातल्या आहेत, साहेब," मालक म्हणाले. या उत्तराला मी आजही दाद देते.

"आणि डबा कोणाचा?"

"कैलास अण्णांचा," पोऱ्या आतून ओरडला.

"त्यांना बोलवा."

मी डबा रिकामा करून, पालथा घालून, साहेबांना बूड दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मग काय वाटलं कोण जाणे, पायातल्या चपला जरा मागे सरकवल्या. बाई मात्र तयारीच्या होत्या. त्या थेट भटारखान्यात गेल्या आणि बाकी काही न बघता इडलीचं पातेलं उघडलं. पाच हजारांची पावती फाटली. नाव मालकांचं आलं.

त्या पावतीने एक मात्र झालं. दुसऱ्या दिवशी मालकांनी स्टीलची पळी आणली आणि खिळ्याला टांगली. दोन पळ्या म्हणजे एक प्लेट. इतक्या वर्षांत कोणाला सुचली नव्हती ती गोष्ट एका पळीत आटोपली. मी डबा भरून, पिशवीशिवाय, ताठ मानेने घरी आले.

सासूबाईंनी झाकण काढून आत पाहिलं. "कमी आहे."

"आई, पळीने मोजून दिलाय."

"पळी त्याची. पूर्वी याच्याहून वरपर्यंत यायचा."

त्या उठल्या आणि ओट्याखालचं कपाट उघडलं. आमच्या घरात 'एकदा वापरून फेका' ही संकल्पना कधी पोचलेलीच नाही. बंदीच्या आधीचे, नंतरचे, मधल्या काळातले हॉटेलचे सगळे कंटेनर तिथे धुऊन, पुसून, एकात एक बसलेले आहेत. एकात मेथ्या, एकात सुया, एकात इतर कंटेनरांची झाकणं. त्यातला एक त्यांनी काढला आणि अण्णांच्या डब्यातला रस्सा त्यात ओतून पाहिला. बोटभर कमी भरला.

"हा घेऊन जा आणि यात मापून दाखव त्याला."

"आई, हाच तर बंद आहे! पथक पुन्हा आलं तर?"

"तर सांग," सासूबाई कंटेनर विसळत म्हणाल्या, "अण्णांचा आहे."