‘जीपीएसला भूकंप चार दिवस आधी कळतो’ हे खरं नाही

कुठेही मोठा भूकंप झाला की एक मेसेज फिरू लागतो: ‘जीपीएसच्या सिग्नलवरून आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) इलेक्ट्रॉन वाढलेले दिसतात, त्यावरून भूकंप चार-पाच दिवस आधी कळतो, जपानने हे सिद्ध केलंय, पण शास्त्रज्ञ माहिती दाबून ठेवतात.’ यातला पहिला धागा खरा आहे, म्हणून बाकीचंही लोकांना पटतं.

खरं ते आधी. उपग्रहाचा सिग्नल आयनांबरातून येताना रेंगाळतो, आणि किती रेंगाळतो हे त्याच्या वारंवारितेवर (फ्रिक्वेन्सीवर) ठरतं. दोन वारंवारितांचे सिग्नल पोचण्यातल्या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते याचा हिशेब लागतो.

पण ‘वाढले म्हणजे भूकंप’? इलेक्ट्रॉन रोजच वाढतात, सूर्य वर आला की. भारतात तर फारच. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे दिवसा उंच उचलले गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून उत्तरेकडे उतरतात आणि अहमदाबाद-भोपाळ-कोलकाता या पट्ट्यात दाटतात. ही दाटी रोज सारखी नसते. विमानांना जीपीएसवरून अचूक स्थान कळावं म्हणून ‘गगन’ ही यंत्रणा उभारताना इस्रोला भारतापुरतं वेगळं आयनांबर प्रारूप बनवावं लागलं ते याचमुळे. त्यात सौर वादळांची भर. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले, आणि त्याचा भूकंपाशी काही संबंध नव्हता. भूकंप झाल्यावर मागचे पाच दिवस चाळले तर कुठली ना कुठली वाढ सापडणारच!

जपानचं म्हणाल तर मार्च २०११ च्या ९.० तीव्रतेच्या भूकंपानंतर होक्काइडो विद्यापीठाच्या कोसुके हेकी यांनी मांडलं की इलेक्ट्रॉन सुमारे ४० मिनिटं आधी वाढले होते. मेसेजने त्या मिनिटांचे दिवस केले. शिवाय हे निरीक्षण नंतर जुन्या नोंदींतून काढलेलं आहे. इतर संशोधकांचा आक्षेप असा, की भूकंपानंतर इलेक्ट्रॉन घटले, आणि तुलनेची रेषा (एरवी इलेक्ट्रॉन किती असते ते दाखवणारी) त्या घटीला धरून ओढल्याने आधीचा भाग फुगलेला दिसतो. ज्यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, त्याला ‘सिद्ध’ म्हणून घाबरलेल्या माणसांना पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

माहिती दाबली जाते, हेही खोटं. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणांच्या) सेवेच्या जगभरच्या केंद्रांच्या नोंदी, बंगळुरूच्या केंद्रासकट, कुणालाही फुकट मिळतात.

या तंत्राचा खरा उपयोग भूकंप झाल्यानंतरचा आहे, आणि तो मेसेजमध्ये नसतो. समुद्राचा पृष्ठभाग अचानक उचलला गेला की हवेत दाबाच्या लाटा उठतात. वर हवा विरळ होत जाते तशा त्या वाढतात आणि दहाएक मिनिटांत आयनांबर हलवतात. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची ‘गार्डियन’ यंत्रणा हेच टिपते. जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचात्काजवळच्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीची चाहूल तिला लाट हवाईला पोचण्याआधीच लागली होती. २००४ साली सुमात्राजवळून निघालेल्या लाटेला तमिळनाडूचा किनारा गाठायला सुमारे दोन तास लागले होते. तेवढ्या वेळात मिळालेली सूचना किनाऱ्यावरची माणसं हलवायला पुरते.