खुलासा : डी मायनर कॉन्चेर्टोचा प्रचलित कॅडेन्झा मोझार्टचा नाही

‘मोझार्टच्या डी मायनर कॉन्चेर्टोत (के. ४६६) पियानोवादकाने स्वतःचा कॅडेन्झा वाजवणे म्हणजे मूळ रचनेत ढवळाढवळ’, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना; कॅडेन्झा म्हणजे त्यात ऑर्केस्ट्रा थांबल्यावर वादकाने एकट्याने वाजवायचा भाग; ‘के.’ हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक.) १७८५च्या या रचनेसाठी मोझार्टने लिहिलेला एकही कॅडेन्झा आज उपलब्ध नाही. नेहमी कानावर पडतो तो बीथोव्हनचा. मोझार्टच्याच दुसऱ्या एका पियानो कॉन्चेर्टोची, के. ४८८ची, गोष्ट वेगळी. तिथे मोझार्टने कॅडेन्झा हस्तलिखितातच लिहून ठेवला आहे.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा डी मायनर कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) थांबतो, पण सर्वांत खाली ‘ए’ हा स्वर असतो, म्हणून कान पुढची वाट पाहत राहतो. स्वतःचा कॅडेन्झा वाजवताना हा ताण अखेरच्या ट्रिलपर्यंत (दोन शेजारचे स्वर झपाट्याने आलटूनपालटून वाजवणे) टिकवायचा. नेमके इथेच चुकते : मध्येच ‘डी’ खाली घेऊन पक्का मुक्काम केला, की पुढचे सगळे उगाच जोडलेले वाटते. त्याच भागातल्या दोन-तीन कल्पना पुरतात. शेवटी ‘ए’ सेव्हन्थ (‘डी’कडे ओढणाऱ्या) कॉर्डवर ‘ई’ची ट्रिल, तिची लांबी कंडक्टरशी तालमीतच ठरवावी, नाहीतर ऑर्केस्ट्रा लवकर तरी घुसतो किंवा उशिरा तरी.

मनाई खरोखर आहे ती बीथोव्हनच्या पाचव्या कॉन्चेर्टोत. पहिल्या भागात कॅडेन्झा वाजवू नये, लगेच पुढे जावे, अशी सूचना त्याने स्वतः लिहिली आहे.