तीन प्रतींचा नियम इथे लागतच नाही

‘राखीव कपाटात (जिथलं साहित्य ग्रंथालयातच बसून वाचायचं असतं) पुस्तकाच्या एका प्रकरणाच्या तीनच झेरॉक्स ठेवता येतात’ हे कॉलेज ग्रंथालयातल्या झेरॉक्सवरच्या लेखातलं वाक्य साफ चूक आहे. तीन प्रतींची मर्यादा आहे ती भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाला, तीही ग्रंथालयाच्या स्वतःच्या वापरासाठी. शिकवताना शिक्षक-विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रतींसाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(आय) वेगळं आहे. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढल्या म्हणून प्रकाशकांनी भरलेल्या दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याचाच आधार घेतला. अमुक इतकी पानं अशी मोजपट्टी लावली नाही. शिकवण्यासाठी तेवढा मजकूर लागतो का, एवढंच पाहायचं. (अख्खं पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर फिरवणं मात्र वेगळं, त्याची बाजू मी घेत नाही.)

गडचिरोलीकडे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.ची निम्मी पोरं धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतून थेट वर्गात येतात. संदर्भग्रंथ एकच, तोही घरी न्यायचा नाही, आणि गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळी लवकरच सुटते. कडा काळ्या पडलेल्या, झेरॉक्स पानं बांधलेल्या स्पायरलवरच त्यांची परीक्षा निघते. लेखकाने वाक्य लवकर दुरुस्त करावं. आमच्या प्राचार्यांनी त्या लेखाची प्रिंट काढून ग्रंथालयाच्या दारावर चिकटवलीसुद्धा!