यूए 16+ वाला तो फॉरवर्ड उलटा टांगलाय

रविवारी पोरांना पिक्चरला न्यायचं ठरलेलं. सकाळीच वैनींनी तिकिटं रद्द केली. कारण बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर पिक्चरवरच्या सेन्सॉरच्या वयाच्या शिक्क्यांबद्दल आलेला मेसेज: "यूए 16+ पिक्चरला सोळाच्या आतलं मूल नेलं तर आईबापांना दंड. ए पिक्चरला मात्र पालक सोबत असले की चालतं. सरकारने ॲडल्टचं वय 18 वरून 16 केलं." वर 'कर्नाटकाचं सेन्सॉर वेगळं, इकडे जास्त कडक' हे शेपूट. ते बहुतेक आपल्याच कुणीतरी जोडलंय.

दंडाचंच आधी घेऊ, कारण पोरगं त्यापायी रडत बसलं. ते नववीत आहे. यूए म्हणजे बघू द्यायचं की नाही हे आईबापांनी ठरवायचं. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 ला दुरुस्ती झाली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की यूएपुढचा आकडा ही पालकांसाठी सूचना आहे, दुसऱ्या कुणी तिची सक्ती करायची नाही. म्हणजे डोअरकीपरलाही अडवता येत नाही, दंड कुठला काढला? ए म्हणजे फक्त अठरा पूर्ण झालेल्यांसाठी, त्याचं नेमकं उलट. तिथे शाळकरी पोराला बाप सोबत असला तरी प्रवेश नाही, आणि सोडलंच तर कारवाई पिक्चर दाखवणाऱ्यावर. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही पाट्या अदलाबदल करून टांगल्यात.

वय 16 झालेलं नाही. यू (सगळ्यांसाठी) आणि ए 1949 पासूनचे, मधला यूए 1983 चा, तेव्हा त्यातली पालकांना सूचना बारा वर्षांखालच्या पोरांपुरती होती. आता त्या एका यूएचे 7, 13, 16 असे तीन तुकडे केलेत. ए आहे तिथेच, अठरालाच.

वेगळं सेन्सॉर? बेंगळुरूला त्याच केंद्रीय बोर्डाचं ऑफिस आहे. मुंबईत मिळालेलं सर्टिफिकेट बेळगाव, निपाणी, खानापूर सगळीकडे चालतं. पुढे.

'हल्ली कुणाचा धाकच नाही' असंही त्यात होतं. ते मात्र थोडं खरंय. मी दहावीत असताना नुसत्या मिसरुडाच्या जोरावर ए पिक्चरला घुसलेलो, डोअरकीपरने बॅटरी मारून खुर्ची दाखवली होती. आणि ओटीटीवरचं तर बोर्डाकडे जातच नाही, 2021 च्या नियमांनुसार कंपन्याच वयाचा शिक्का मारतात. वैनींनी तिकिटं रद्द केली, पोराच्या हातातला मोबाइल तसाच राहिला.

सगळं समजावून परत तिकिटं बघितली तर दुपारचा खेळ फुल्ल. आता रात्री नऊचा आहे, आणि सोमवारी त्याची गणिताची टेस्ट.