मुले बिघडू नयेत म्हणून ठराव कसा करावा

आपण नुकतेच पंच किंवा नगरसेवक म्हणून निवडून आला असाल, गटारे, कचरा आणि घर क्रमांक यांतून अजून मान वर निघालेली नसेल, आणि तेवढ्यात कोणी निवृत्त मुख्याध्यापक येऊन ‘गावातली पोरे हाताबाहेर चालली आहेत, पंचायतीने काहीतरी योजना आखावी’ असे म्हणाले असतील, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. गोव्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि एक महानगरपालिका आहे. या विषयात काहीही न करता पुष्कळ काही केल्याचे समाधान कसे मिळवावे, याचे ज्ञान एवढ्या साऱ्या सभागृहांत मुरलेले आहे. ते सर्व एका लेखात मावणार नाही. पण पहिला कार्यकाळ निभावून जाईल एवढे खाली देत आहे.

‘हा आमचा विषयच नाही’ असे मात्र चुकूनही म्हणू नये. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी ती वाट बंद केली आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या, पंचायतींसाठीच्या २९ विषयांत शिक्षण, वाचनालये, सांस्कृतिक कार्य, समाजकल्याण, महिला व बालविकास ही सगळी मंडळी येऊन बसली आहेत, आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या वाट्याला उद्याने व खेळाची मैदाने आली आहेत. तेव्हा जबाबदारी कृतज्ञतापूर्वक स्वीकारावी आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगावे की विषय कागदावर आले, त्यांच्यामागून निधी आणि माणसे यायची राहिली. हे बऱ्याच अंशी खरे आहे. खरे कारण आयते हाताशी असण्यासारखी सोय सार्वजनिक जीवनात दुसरी नाही. ते जपून वापरावे आणि निधी मिळवण्याच्या खटपटीने ते संपवून टाकू नये.

आराखडा करायचा म्हटल्यावर कोणीतरी माहिती मागेलच. कोणत्या वयाची मुले, कोणत्या वाड्यावरची, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कशात सापडतात, त्यांपैकी कितीजणांनी शाळा सोडली आणि कोणत्या इयत्तेत, हे प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतात. पण त्यांची उत्तरे मिळाली तर कोठे काय करायला हवे हे उघड दिसू लागते, आणि मग ते करावे लागते. सुदैवाने २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. हे कलम अत्यंत योग्य आहे आणि मुलांच्या रक्षणासाठी आहे. आपण त्याचा उपयोग स्वतःच्या रक्षणासाठी करावा. संख्या विचारली की ‘गोपनीयता’ म्हणावे. मनाई ओळख देण्याला आहे, नुसत्या आकड्याला नाही, असे एखादा वकील निदर्शनास आणून देईल. त्याला तत्काळ उपसमितीचा अध्यक्ष करावे, म्हणजे तो पुन्हा दिसणार नाही. त्याच कायद्यानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात साहाय्यक उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. त्याला आपल्या वाढदिवसाला बोलवावे, बैठकीला बोलवू नये, कारण ही सारी उत्तरे त्याला ठाऊक असण्याचा धोका असतो.

समिती स्थापन करावीच लागेल. केंद्राच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने २००९ पासून गावपातळीवर अशी समिती सांगितली आहे: अध्यक्ष सरपंच, सोबत अंगणवाडी सेविका, शिक्षक, परिचारिका, आणि दोन बाल प्रतिनिधी. योजनेचे नाव पुढे मिशन वात्सल्य झाले. नाव बदलले की जुन्या समितीची इतिवृत्ते शोधण्याची गरज उरत नाही, हा त्यातला मोठा दिलासा. बाल प्रतिनिधी निवडताना एक मुलगी दहावीत पहिली आलेली आणि एक मुलगा उपसरपंचांचा पुतण्या, हे सूत्र कधी चुकलेले नाही. ज्याला पोलिसांनी एकदा ठाण्यावर बसवून ठेवले होते, किंवा ज्याने नववीत शाळा सोडली, असा मुलगा समितीवर घेण्याची कल्पना कोणी मांडलीच तर ‘चुकीचा संदेश जाईल’ एवढे म्हणणे पुरे. तो मुलगा कदाचित सांगेल की संध्याकाळी सात ते दहा या वेळात गावात जाण्यासारखी एकच उजेडाची जागा आहे आणि ती बार आहे. अशी विधाने इतिवृत्तात शोभत नाहीत.

कॅमेरे बसवावेत, हे सांगायला नकोच. कॅमेऱ्याचे उद्घाटन करता येते, त्याच्या खांबावर नाव लिहिता येते, आणि मुलगा बिघडत असताना नव्हे तर बिघडून झाल्यावर तो दिसतो, त्यामुळे आधी काही करायला हवे होते हा आरोप तांत्रिकदृष्ट्याच गैरलागू ठरतो.

मैदानाच्या बाबतीत मात्र विशेष दक्षता हवी, कारण आपले बहुतेक पूर्वसूरी तिथेच घसरले. मैदान म्हणजे सपाट मोकळी जागा, दोन गोलखांब आणि संध्याकाळी चावी उघडणारा माणूस, एवढ्या स्वस्तात भागणारी गोष्ट असल्याने ती जशीच्या तशी राहू दिल्यास मुले खेळू लागतात. गोव्यात तर फुटबॉल शिकवावा लागत नाही, चेंडू टाकला की पुरते. यावर उपाय असा की प्रथम मैदानाचे सुशोभीकरण हाती घ्यावे. कडेने फरश्या बसवाव्यात, मध्ये कारंजे धरावे, एका कोपऱ्यात ज्येष्ठांसाठी व्यायामाची यंत्रे उभारावीत आणि उरलेल्या तुकड्याला ‘बहुउद्देशीय’ म्हणावे. म्हणजे लग्नाचे स्वागतसमारंभ, जत्रेच्या दिवसांतले वाहनतळ आणि रस्त्याच्या कामाची खडी हे तीनही उद्देश त्यात सामावतात. वर्षातून एकदा प्रकाशझोतात आमदार चषक भरवावा. प्रवेशशुल्क असे ठेवावे की ज्यांना संघ उभा करायला पैसे नाहीत ती मुले आपोआप प्रेक्षक होतील, आणि सामने पहाटेपर्यंत चालवावेत, म्हणजे प्रेक्षकांना रात्रभर बाहेर राहण्याची सवय पंचायतीच्या परवानगीने लागेल. २०२३ मध्ये गोव्याने राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या, तेव्हा सुविधा नाहीत असे म्हणता येणार नाही. त्या आहेत, फक्त आपल्या वाड्यावरून तिथे संध्याकाळी जायला बस आहे का आणि परतायला आहे का, एवढा एक प्रश्न तेवढा विचारू नये.

जनजागृती हा आराखड्याचा आत्मा असतो. शाळेच्या सभागृहात समई प्रज्वलित करावी, पाहुण्यांना शहाळे आणि शाल द्यावी, आणि ‘युवकांनो, व्यसनांपासून दूर राहा’ हे पाऊण तास सांगावे. श्रोते हजेरीपटावरचेच असल्यामुळे जो ऐकायला हवा होता तो त्या वेळी रस-आमलेटच्या गाड्यावर बशा विसळत असतो, आणि त्यामुळे कार्यक्रमात कोणताही व्यत्यय येत नाही. जुगाराचे दुष्परिणाम हा विषय असेल तर स्थळ पणजीत मांडवीच्या काठी घ्यावे. खिडकीतून कॅसिनोच्या जहाजांची रोषणाई दिसते आणि सभागृहाच्या विजेची बचत होते.

कोणी सुचवेल की मुलांना एकदा तुरुंग दाखवून आणावा, म्हणजे धाक बसेल. ही सूचना मनापासून उचलून धरावी. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात असा प्रयोग गाजला. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडत आणि मुले रडत घरी जात. पुढे अशा कार्यक्रमांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांकडून न पाहिलेल्यांपेक्षा जास्तच गुन्हे घडल्याचे दिसले. म्हणजे उपक्रम परिणामकारक आहे, यात शंका नाही. तुरुंग निवडताना कोलवाळचाच निवडावा. आग्वादचा आता संग्रहालय झाला असून तिथून मुले स्वातंत्र्यसैनिकांच्या हकिकती ऐकून परततात आणि अन्यायाविरुद्ध अर्ज करू लागतात. ते आपल्याला परवडणारे नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी बालगुन्हेगारीच्या प्रतिबंधाविषयीची रियाध मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. एखाद्या मुलाला ‘बिघडलेला’ किंवा ‘बिघडण्याच्या मार्गावरचा’ असा शिक्का मारल्याने तो तसाच वागू लागण्याची शक्यता वाढते, असे जाणकारांचे मत त्यात नोंदवलेले आहे. उपलब्ध सेवांची आधी मोजदाद करावी, कोणाची जबाबदारी कोणती ते ठरवावे आणि आखणीत मुलांना सहभागी करून घ्यावे, हेही त्यात आहे. आपण हे सर्व उलट्या क्रमाने वाचावे. संशयित मुलांची यादी करावी, ती वाचनालयाच्या फलकावर लावावी (वाचनालय बंद असले तरी फलक बाहेर असतो), आणि यादीत आडनावे पाहून ‘हे सगळे बाहेरचे’ असा निष्कर्ष काढावा. ज्या मुलाच्या आईवडिलांनी आपल्या गावातली अर्धी घरे बांधली, जो इथेच जन्मला आणि कोकणीत शिव्या देतो, तो बाहेरचा ठरला की त्याच्यासाठी सेवा आखण्याचा प्रश्नच मिटतो. आणि आपल्या आडनावाचा मुलगा सापडला तर ती ‘वयाची चूक’ असते आणि ती एका फोनने दुरुस्त होते. हा फोन मिळण्याची सोय हीच गावात खऱ्या अर्थाने चालू असलेली एकमेव सेवा असल्यामुळे तिचा उल्लेख आराखड्यात करू नये.

स्कूटरविषयी बोलूच नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या १९९ अ कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिकवणीला तिघे एका स्कूटरवरून जातात, त्या चावीचे मालक आपले मतदार आहेत. मुलाला कायदा मोडण्याचा पहिला धडा घरात, प्रेमाने आणि पेट्रोल भरून मिळतो. त्यात पंचायतीने कशाला पडावे?

आता सर्वांत अवघड भाग. एखादी समाजकार्याची पदवीधर तरुणी येऊन म्हणेल की कॅमेरे नकोत, कारंजे नको, मला फक्त पगारावर एक माणूस नेमून द्या, जो शाळेतून नाव गळालेल्या मुलाच्या घरी जाईल, त्याच्याशी दर आठवड्याला बोलेल, त्याला एखाद्या कामाच्या शिक्षणाला लावेल आणि पुढच्या वर्षीही तिथेच असेल. ती असेही म्हणेल की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी उपाहारगृहांचे मांडव, मेअखेर उतरले की हंगामावर जगणारी पोरे जून ते सप्टेंबर रिकामी असतात, मैदाने पाण्याखाली असतात, म्हणून या चार महिन्यांची योजना जानेवारीतच आखायला हवी. तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे. इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने मुलांना गुन्ह्यापासून रोखणे हेच बाल न्यायव्यवस्थेचे मुख्य उद्दिष्ट ठरवले, स्थानिक परिषदांना दरवर्षी लेखी आराखडा करायला लावला, आणि पोलीस, समाजसेवक, आरोग्य व शिक्षण खात्यांची माणसे एकाच पथकात बसवली, हे तिने वाचलेले असण्याचा संभव आहे. तिला सांगावे की पाश्चात्त्यांचे अनुकरण आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपण आपल्या पद्धतीने, म्हणजे कंत्राटी पदावर, अकरा महिन्यांसाठी, मानधन मंजुरीच्या अधीन राहून विचार करू. माणसाच्या नेमणुकीची फीत कापता येत नाही, त्याने रोखलेल्या गुन्ह्याचे छायाचित्र निघत नाही, आणि एका वर्षात मूल सुधारत नसल्यामुळे ३१ मार्चच्या आत त्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही देता येत नाही.

ठराव ग्रामसभेत मांडताना विरोधाची धास्ती बाळगू नये. घटनेच्या व्याख्येप्रमाणे ग्रामसभा मतदारयादीत नाव असलेल्यांची असते, तेव्हा ज्यांच्यासाठी हा आराखडा आहे त्यांच्यापैकी कोणालाही तिथे बोलण्याचा अधिकार नाही. एखादा सतरा वर्षांचा मुलगा मागच्या दारात उभा राहून मैदानाचे कुलूप कधी उघडणार असे विचारू लागला, तर सचिवांनी त्याचे वय विचारावे आणि सभेने भटक्या गुरांच्या विषयाकडे वळावे. तो निघून जाईल, पण त्याचे नाव लिहून ठेवावे. वर्षभराने तो अठरा पूर्ण करेल, पुढची निवडणूक जवळ आली असेल, आणि प्रचारफेरीत कर्णा वाजवत, हेल्मेटशिवाय, एका स्कूटरवर तिघे बसून वाड्यावाड्यांतून फिरण्यासाठी आपल्याला अनुभवी मुले लागतील.